दिवसभर टेबलापाशी बसणाऱ्यांचा व्यायाम: नागपूरच्या वेळापत्रकात तो बसवायचा कुठे?

जमाखर्च

दिवसाचे आठ-नऊ तास टेबलापाशी बसून काढणाऱ्या नोकरदारांनी व्यायाम केव्हा आणि कसा करावा, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात लेखा विभागात काम करते आणि मनीषनगरला राहते. आमच्या विभागात चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना साखर, रक्तदाब किंवा कंबरदुखी यांपैकी काही ना काही मागे लागलेले आहे. डॉक्टर प्रत्येकाला व्यायाम करायला सांगतात. पण सकाळचा डबा, मुलांची शाळा, कार्यालय, परतीचा प्रवास आणि रात्रीचा स्वयंपाक यांच्यामध्ये तो कुठे घालायचा, हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

माझे मत असे आहे की नोकरदाराने रिकाम्या तासाची वाट पाहू नये. जी कामे ठरलेल्या वेळी होतातच, म्हणजे प्रवास, डबा, चहा, आंघोळ, त्यांनाच हालचाल जोडून द्यावी, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद लावायला लागेल असा व्यायाम घरी करावा. या मताला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. त्याआधीच्या तत्त्वांमध्ये व्यायामाचा प्रत्येक तुकडा निदान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. 2020 मध्ये ती काढून टाकण्यात आली. नोकरदारांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे, कारण तीन मिनिटांचा जिना आणि सात मिनिटांची पायपीट हेदेखील आता अधिकृतपणे हिशेबात धरले जाते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. सकाळी अर्धा तास चालून आल्यावर दिवसभर खुर्ची न सोडणाऱ्या माणसाचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमधला अकाली मृत्यूचा वाढीव धोका जवळजवळ नाहीसा झालेला दिसला, तो रोज 60 ते 75 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये. एवढा वेळ आपल्यापैकी किती जणांना रोज मिळतो? म्हणूनच बसणे मध्येमध्ये तोडणे आवश्यक ठरते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये जादा वजनाच्या मध्यमवयीन लोकांवर एक प्रयोग केला होता. दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे सावकाश चालल्यावर, जेवणानंतर रक्तातली साखर जेवढी वाढते ती सलग बसण्याच्या तुलनेत जवळपास एक चतुर्थांशाने कमी वाढली. प्रयोग लहान होता आणि एकेका दिवसापुरता होता, हे खरे आहे. पण नंतरच्या अभ्यासांनी त्याच दिशेला दुजोरा दिला आहे.

आता प्रत्यक्ष व्यवस्था सांगते. मी ऑरेंज लाइनच्या मेट्रोने येते. कार्यालयाला जवळचे स्थानक पुढे असले, तरी मी सीताबर्डीलाच उतरते, सरकता जिना सोडून साध्या जिन्याने खाली येते आणि उरलेले अंतर झपाझप चालते. आमची इमारत जुनी आहे. तिला लांब, उंच छताचा, दगडी फरशीचा व्हरांडा आहे आणि अभिलेख कक्ष तळमजल्यावर आहे. जुनी फाइल हवी असली की मी शिपायाला न पाठवता स्वतः खाली जाते. डबा खाल्ल्यावर आम्ही काही जणी त्याच व्हरांड्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पंधरा मिनिटे शतपावली करतो, आणि आमचे बोलणेही तेव्हाच होते. दुपारच्या जेवणानंतरची ही पंधरा मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण साखर चढण्याची वेळ तीच असते आणि सुस्ती येण्याची वेळही तीच असते. सोमवारी आणि गुरुवारी आंघोळीच्या आधी वीस मिनिटे उठाबशा, ओट्याला हात टेकवून दंड आणि पाठीचे व्यायाम होतात. आंघोळ चुकत नाही, त्यामुळे तिच्या आधीचा व्यायामही सहसा चुकत नाही.

इतरांनी आपापले अनुभव आणि मतभेद लिहावेत. विशेषतः उन्हाळ्यात काय करावे आणि ज्यांना जागा सोडताच येत नाही त्यांनी काय करावे, या दोन प्रश्नांवर मला जाणकारांकडून ऐकायचे आहे.

पायवाट

धागा उत्तम आहे, परंतु मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी सेवानिवृत्त आहे आणि नोकरीच्या काळापासून अंबाझरीला, आता सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर, पहाटे चालत आलो आहे. माझे निरीक्षण असे की दिवसात विखुरलेला व्यायाम सर्वांत आधी कार्यालयाच्या हातात सापडतो. साहेबांनी बैठक बोलावली की शतपावली गेली. मार्चअखेर आला की जिनाही गेला. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की कित्येक विभागांत कर्मचाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते, हे येथील शासकीय नोकरदारांना सांगायला नको. पहाटेचा पाऊण तास मात्र कोणी मागत नाही.

शिवाय दमश्वास वाढवायचा असेल तर शरीराला सलग काही वेळ श्रम द्यावे लागतात. दोन-दोन मिनिटे चालून साखर आटोक्यात राहील, पण सेमिनरी हिल्सचा चढ न थांबता चढण्याची क्षमता त्यातून येणार नाही. पहाटेच्या चालण्याचा आणखी एक लाभ मोजमापात येत नाही. रोजची माणसे भेटतात, एखादा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो, आणि त्या ओढीने माणूस थंडीतही अंथरूण सोडतो.

फाइल_क्रमांक

बसण्याचा आणि आजारांचा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासांबाबत एक शंका आहे. जे लोक मुळात सुदृढ असतात तेच हालचालीची कामे निवडतात आणि जे आधीच स्थूल असतात ते बैठे काम निवडतात, असे नसेल कशावरून? तसे असेल तर दोष खुर्चीवर ढकलणे योग्य होणार नाही.

जमाखर्च

@फाइल_क्रमांक, शंका अगदी रास्त आहे आणि या विषयाच्या सुरुवातीपासून ती विचारली गेली आहे. 1953 साली ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघेही एकाच गाडीवर काम करणारे. चालक पाळीभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. टपाल खात्यात पायी किंवा सायकलने टपाल वाटणारे आणि टेबलावर बसणारे कर्मचारी यांच्यातही तसाच फरक दिसला. पुढे मॉरिस यांनीच तुमची शंका तपासून पाहिली. बसकर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या गणवेशांची मापे त्यांनी मिळवली, आणि 1956 मध्ये दाखवून दिले की चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक होता. म्हणजे दोन्ही गटांत आधीपासून काही फरक असू शकतो, हे त्यांनी स्वतःच पुढे आणले. एखाद्या संशोधकाने आपल्याच निष्कर्षाला इतक्या कसोशीने प्रश्न विचारावा, याचा मला फार आदर वाटतो.

म्हणूनच मी वर निरीक्षणाच्या अभ्यासाबरोबर प्रयोगाचा दाखला दिला. 2012 च्या प्रयोगात तीच माणसे एके दिवशी सलग बसली आणि दुसऱ्या दिवशी मध्येमध्ये चालली. तिथे निवडीचा प्रश्न उरत नाही.

@पायवाट, तुमचा दमश्वासाचा मुद्दा मला मान्य आहे. ज्यांना पहाटेचा पाऊण तास मिळतो त्यांनी तो अवश्य राखावा. पण आमच्या घरात साडेपाचला गॅस पेटतो आणि साडेसातला मुलांची बस येते; त्या वेळात मी अंबाझरीला असू शकत नाही. अशा लोकांना 'आधी पहाटे उठा' एवढेच सांगितले तर ते काहीच न करण्याकडे वळतात, आणि मला तेच टाळायचे आहे.

दोन_पाळ्या

शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून आभार. व्यायामाच्या चर्चेत बायकांची सकाळ कोणाच्या लक्षातच येत नाही. 2024 साली जी जागतिक आकडेवारी प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार 2022 मध्ये भारतातले सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे 42 टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे 57 टक्के होते. घरातली बाई दिवसभर उभी असते, मग तिला व्यायामाची काय गरज, असे मानणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

माझा प्रश्न असा आहे की घरकाम व्यायामात धरावे की नाही? मी वाकून फरशी पुसते, दोन मजले पाण्याच्या बादल्या नेते, आणि तरीही तपासणीत माझी साखर सीमारेषेवर आली.

मणका

मी धरमपेठेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. कंबर, मान आणि गुडघे घेऊन येणाऱ्यांमध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा भरणा मोठा असतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

@दोन_पाळ्या, घरकाम अवश्य धरावे. फरशी पुसणे, बादल्या उचलणे ही मध्यम श्रमाची कामे आहेत आणि 150 मिनिटांच्या हिशेबात ती बसतात. मात्र घरकामात दोन उणिवा राहतात. पहिली म्हणजे ओटा, भांडी, कपडे यांत बराच वेळ केवळ उभे राहण्यात जातो, आणि उभे राहण्याने बसण्यापेक्षा तासाला जेमतेम आठ-दहा कॅलरी अधिक खर्च होतात. दुसरी म्हणजे शरीराला जे काम रोजचे झाले, त्याने ताकद पुढे वाढत नाही. स्नायूंना हळूहळू अधिक भार द्यावा लागतो.

आपल्याकडे स्नायूंच्या व्यायामाकडे पैलवानांचे किंवा तरुण मुलांचे काम म्हणून पाहिले जाते, आणि याचे मला फार वाईट वाटते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेण्याच्या कामात सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3 इतकाच होता; पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. आपण सडपातळ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये, याचे याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही. त्यामुळेच भारतीयांसाठी बीएमआय 23 पासून जादा वजन धरले जाते, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर व स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर आहे. वजनकाट्यापेक्षा कापड मोजायची टेप अधिक उपयोगी पडते, असे मी रुग्णांना नेहमी सांगते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. खुर्चीवरून हात न लावता उठावे आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली बसावे. खाली धपकन आपटणे म्हणजे व्यायामाचा अर्धा भाग सोडून देणे, कारण मांडीचा स्नायू उतरताना भार पेलतो तेव्हाच चांगला कामाला लागतो. दोन्ही पावलांत खांद्यांच्या रुंदीइतके अंतर ठेवावे, गुडघे आत झुकू देऊ नयेत आणि टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात. ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांनी खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी; दोन-तीन आठवड्यांत उशी पातळ करता येते. दहा-बारा वेळा सहज जमू लागले की छातीशी पाच किलोचा कणकेचा डबा धरून तेच करावे. दंड आधी भिंतीला, मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला हात टेकवून घालावेत. हात जितके खाली जातील तितका भार वाढतो.

सूर्यनमस्काराबद्दल मला आदर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा हिरिरीने प्रसार केला, आणि बारा स्थितींमध्ये पाठीचा कणा पुढे-मागे दोन्हीकडे वाकतो, खांद्यांना ढकलण्याचे कामही मिळते. परंतु त्यात ओढण्याची क्रिया नाही, आणि संगणकासमोर खांदे पुढे झुकवून बसणाऱ्याला नेमकी तिचीच गरज असते. त्यासाठी रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपरे मागे ओढावीत, पाठीची दोन्ही पाती (खांद्यामागची चपटी हाडे) एकमेकांजवळ आणावीत आणि क्षणभर थांबावे. पट्टा नसेल तर पुस्तकांनी भरलेली पिशवी, एक हात टेबलाला टेकून, दुसऱ्या हाताने कमरेपर्यंत ओढली तरी चालते. मानदुखीने त्रासलेल्या लेखनिकांना मी सर्वांत आधी हाच व्यायाम देते.

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर सुरुवात डॉक्टरांना दाखवूनच करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही नवीन व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते.

रात्रपाळी

मी मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत काम करतो. ग्राहक अमेरिकेतले असल्याने आमची पाळी संध्याकाळी सुरू होते आणि पहाटे संपते. वर सांगितलेले सगळे वेळापत्रक आमच्याकडे उलटे होते. पहाटे घरी पोचल्यावर लोक चालायला निघालेले असतात आणि आम्हाला झोपायचे असते. त्या वेळी अंगमेहनत केली तर झोप लांबते, असा माझा आणि सहकाऱ्यांचा अनुभव आहे.

मी ताकदीचा व्यायाम दुपारी उठल्यानंतर, जेवणाच्या आधी करतो, आणि पाळीत दोन गोष्टी पाळतो. ज्या कॉलमध्ये पडदा पाहावा लागत नाही तो मी हेडफोन लावून चालत ऐकतो. आमच्या मजल्यावर दोन रांगांमधली मोकळी वाट त्यासाठी पुरते. रात्री दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी होते तेव्हा लिफ्ट सोडून चार मजले जिन्याने चढतो, तेही जरा वेगाने, दम लागेल इतके. जिन्याच्या या लहान झटक्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे @मणका यांनी सांगावे.

मणका

होतो, असे मानायला आधार आहे. ब्रिटनमध्ये स्वतःहून कोणताही व्यायाम न करणाऱ्या सुमारे 25 हजार लोकांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदी तपासण्यात आल्या, आणि त्याचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या व्यवहारात एक-एक मिनिटाची जोरकस हालचाल, म्हणजे वेगाने जिना चढणे, बस पकडायला धावणे, दिवसातून तीनदा होत असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ती मुळीच न करणाऱ्यांपेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे वर @फाइल_क्रमांक यांनी घेतलेली शंका इथेही लागू होते. तरीही चार मजले मिळत असतील तर ते सोडू नयेत. रात्री दोनला भरपेट जेवल्यावर लगेच मात्र चढू नये. जिना आधी, जेवण नंतर, आणि त्यानंतर सावकाश फेऱ्या, असा क्रम ठेवावा.

नवतपा

उन्हाळ्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. नागपुरात व्यायामाची मोडलेली सवय बहुधा एप्रिलमध्ये मोडलेली असते. पारा 45 अंशांच्या वर जातो, मेच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, पहाटही गार राहत नाही, आणि मार्चपर्यंत नेटाने चालणारी माणसे पाऊस येईपर्यंत थांबतात. दोन महिन्यांच्या खंडानंतर सवय पुन्हा लावायला जुलै उजाडतो आणि तोवर रस्त्यांवर पाणी साचलेले असते. त्यामुळे ज्याचा सगळा व्यायाम चालण्यावर उभा आहे, त्याचा वर्षातला मोठा काळ हवामानाच्या मर्जीवर असतो. @पायवाट यांचा पहाटेचा पाऊण तास कार्यालय मागत नसेल, पण ऊन मागते.

माझ्या मते वेळापत्रके दोन असावीत. ऑक्टोबर ते मार्च चालणे जास्त आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. एप्रिल ते जून ताकदीचे व्यायाम तीनदा, घरात, कूलर लागलेल्या खोलीत, सकाळी सातच्या आत, आणि चालणे केवळ इमारतीच्या आत. कोरड्या उन्हाळ्यात कूलरसमोर घाम लवकर सुकतो आणि शरीर गार राहते. पावसाळ्यात तोच कूलर खोली दमट करतो, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी बरी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चअखेरीपासून व्यायामाचा जोर थोडा उतरवून पुन्हा हळूहळू वाढवावा. मेट्रोतून एक स्थानक आधी उतरण्याची सूचना चांगली आहे, पण मे महिन्यात संध्याकाळी साडेसहालाही डांबर तापलेले असते. त्या दिवसांत स्थानकाचा जिना सावलीत असतो तेवढा चढावा आणि पुढे फीडर बस किंवा रिक्षा पकडावी. डोके दुखू लागणे, मळमळणे, घाम अचानक थांबणे यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबून सावली आणि पाणी गाठावे; आणि बोलण्यात असंबद्धता आली तर तो उष्माघात समजून वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

पायवाट

@नवतपा, उन्हाळ्याचा मुद्दा मला पटला. आमच्या गटातली गर्दी एप्रिलनंतर निम्मी होते, ही वस्तुस्थिती आहे. घरात ताकदीचा व्यायाम करण्याची कल्पना मी आजवर वयामुळे बाजूला ठेवत होतो. साठीनंतर तो सुरू करणे सुरक्षित असते का?

मणका

@पायवाट, साठीनंतर त्याची गरज वाढते. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. न्हाणीघरात पाय घसरल्यावर तोल सावरणे हे मांडीच्या आणि पोटरीच्या ताकदीवर अवलंबून असते, फुप्फुसांच्या क्षमतेवर कमी. रक्तदाब आटोक्यात असेल तर उशी ठेवलेल्या खुर्चीपासून सुरुवात करा, जोर लावताना श्वास रोखू नका, आणि भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव त्यात घाला.

काउंटर_तीन

मी महालातल्या एका बँक शाखेत रोखपाल आहे. आम्हाला व्हरांडा नाही, अभिलेख कक्ष नाही आणि दर वीस मिनिटांनी उठण्याची सोयही नाही. समोर रांग उभी असते, गल्ला उघडा टाकून जाता येत नाही, आणि मध्येच उठून हातपाय ताणले तर ग्राहक तक्रार करतात. पेन्शनच्या तारखांना तर पाणी प्यायलाही वेळ होत नाही. संध्याकाळी पाय सुजलेले असतात. शाखाधिकाऱ्यांकडे पाच मिनिटांची सुट्टी मागितली तर कोणत्या नियमाखाली, असे विचारले जाते. अशा माणसाने काय करावे?

जमाखर्च

@काउंटर_तीन, आधी नियमाबद्दल लिहिते. आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी खुर्चीजवळच करता येईल असा पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला आहे; 'वाय-ब्रेक' या नावाने त्याचे ॲप 2021 साली आले, आणि केंद्र सरकारने आपल्या मंत्रालयांना व विभागांना कर्मचाऱ्यांमध्ये त्याचा प्रसार करण्यास कळवले. त्यात ताडासन, कटिचक्रासन, खांद्यांच्या हालचाली, नाडीशोधन असा क्रम आहे. हे पत्रक बँकेला थेट बंधनकारक नसले, तरी एका कर्मचाऱ्याने तोंडी विनंती करण्यापेक्षा शाखेतल्या चार-पाच जणांनी मिळून, या उपक्रमाचा उल्लेख करून, रोखपालांना पाळीपाळीने दोनदा पाच मिनिटे मिळावीत असा लेखी अर्ज देणे अधिक परिणामकारक ठरेल. आमच्याकडे व्हरांड्यातल्या शतपावलीला सुरुवातीला नाके मुरडली गेली होती. आम्ही डब्याच्या सुट्टीतच चालतो आणि दोन वाजता टेबलावर हजर असतो, हे दिसल्यावर हरकत थांबली, आणि आता दोन अधिकारीही आमच्याबरोबर चालतात.

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर व्याख्याने ठेवणाऱ्या कार्यालयांनी ती पाच मिनिटे द्यायला कचरू नये, असे मला कळकळीने वाटते. गल्ल्यावर सहा तास खिळलेल्या माणसाला इच्छाशक्तीचे धडे देऊन उपयोग नाही. त्याच्या जागी दुसरा बसवण्याची व्यवस्था शाखेनेच करायची असते.

पायांच्या सुजेबद्दल @मणका यांनी सांगावे.

मणका

सूज रोज येत असेल, एकाच पायाला येत असेल किंवा सकाळीही उतरत नसेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवा. तिची कारणे बसण्यापलीकडचीही असू शकतात. केवळ बसून राहण्याने येत असेल तर कारण सरळ आहे. पायातले रक्त वर ढकलण्याचे काम चालताना पोटरीचे स्नायू शिरांना दाबून करतात, आणि पाय स्थिर राहिले की ते काम मंदावते.

काउंटरमागे कोणाला न दिसता करता येईल असे हे आहे. चवडे जमिनीवर ठेवून दोन्ही टाचा पूर्ण उचलाव्यात, क्षणभर थांबून खाली आणाव्यात, मग टाचा ठेवून चवडे उचलावेत. नोटा मोजण्याचे यंत्र चालू असते तेवढ्यात दहा-बारा वेळा होते. ग्राहक बदलताना, निदान दर चौथ्या-पाचव्या ग्राहकाला, खुर्चीवरून हात न टेकता उभे राहावे आणि सावकाश बसावे. नमस्कार करायला उठलात असे समोरच्याला वाटेल, आणि दिवसअखेर चांगल्या संख्येने उठाबशा झालेल्या असतील. खुर्ची इतकी उंच नसावी की मांडीचा मागचा भाग कडेला दाबला जाईल. तशी असेल तर पायाखाली लाकडी पाट घ्यावा. शाखा उघडण्याआधीची दहा मिनिटे आणि गल्ला जुळल्यानंतरची दहा मिनिटे महालाच्या गल्ल्यांत वेगाने चालण्यासाठी ठेवावीत, म्हणजे आठवड्याला शंभर मिनिटांच्या वर हिशेब जातो. उरलेले रविवारी पुरे करता येते.

काउंटर_तीन

टाचांचा व्यायाम आजपासून सुरू करतो. अर्जाचा मसुदा @जमाखर्च यांनी इथेच लिहून दिला तर आमच्यासारख्या इतर शाखांनाही वापरता येईल.

जमाखर्च

मसुदा असा ठेवता येईल, आपल्या शाखेप्रमाणे बदल करून घ्यावा: "आम्ही खाली सही करणारे कर्मचारी कामाच्या वेळेत सलग बसून असतो. आयुष मंत्रालयाच्या पाच मिनिटांच्या योगक्रमाच्या धर्तीवर सकाळी साडेअकरा आणि दुपारी साडेतीन वाजता प्रत्येकी पाच मिनिटे, ग्राहकसेवेत खंड न पडता, आळीपाळीने जागा सोडण्याची परवानगी मिळावी. त्या वेळात गल्ल्याची जबाबदारी कोणाकडे राहील याचा तक्ता सोबत जोडला आहे. हा प्रयोग एक महिना करून पाहावा आणि त्यानंतर आढावा घ्यावा, ही विनंती." तक्ता जोडायला विसरू नका, 'काउंटर कोण सांभाळणार' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर अर्जातच असले तर नकार देणे अवघड जाते.